अक्का गेल्या ती संध्याकाळ

आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढल्यानंतर तिला घरी सोडताना डॉक्टरांनी ज्या सूचना दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. वडील खाली औषधांच्या दुकानात उभे होते. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, कुशीवर झोपायचं नाही, खोकल्याची ढास लागू द्यायची नाही, आणि रडायचं नाही. शेवटची सूचना देताना डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "ही तुमची जबाबदारी." मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. मला 'तुम्ही' म्हणणारी माणसं फार नव्हती. त्यामुळे ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत राहिलो.

रडण्याची भीती आमच्या घरात नवी नव्हती. आदल्या वर्षी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि पट्टी सुटायच्या आत आईचे वडील गेल्याची तार आली. माझ्या वडिलांनी ती वाचली आणि जशीच्या तशी तिला सांगितली. आई हमसून हमसून रडली. पट्टी सोडली तेव्हा डोळ्यात रक्त साकळलेलं होतं, आणि त्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. रडण्यामुळेच असं झालं हे छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण वडिलांनी ते कधी मान्य केलं नाही. आता एकच डोळा उरला होता. या वेळी पट्टी सुटेपर्यंत कसलीही वाईट बातमी तिच्या कानावर जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ते त्यांनी मला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, आणि दुर्दैवानं आईच्या देखतही सांगितलं.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. आम्ही ठाण्याला वर्तकनगरमध्ये एका वसाहतीत राहत होतो. दोन खोल्या, मागे गॅलरी, आणि गॅलरीतून येऊरचे डोंगर. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पाळीनं कामाला होते. दुसरी पाळी असली की ते दुपारी निघत आणि आम्ही जेवून झोपलो की परत येत. त्या दिवसांत त्यांची दुसरी पाळी होती. म्हणजे दुपारपासून आईची देखभाल माझ्याकडे.

आईला उताणं निजवलेलं असे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या छोट्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. दृष्टी नसलेल्या डोळ्यावरही पट्टी कशाला, असं तिनं विचारलं तेव्हा नर्सनं सांगितलं होतं की एक डोळा हलला की दुसराही हलतो. आईला ते फार पटलं. "बहिणी आहेत म्हणजे," ती म्हणाली.

तिची स्वतःची बहीण, माझी मावशी, कोकणात होती. आईपेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, दम्यानं बेजार. गेल्या पावसाळ्यापासून तिची पत्रं दुसऱ्याच्या हस्ताक्षरात येऊ लागली होती. आई तिचा विषय काढत नसे, पण पोस्टमनची वेळ तिला डोळे बांधलेले असतानाही बरोबर कळत असे.

रेडिओला ती दोन दिवसांत कंटाळली. मग म्हणाली, "मालिकेतलं नवं पुस्तक आलं असेल. वाचून दाखवशील?"

ही मालिका म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी निघणाऱ्या छोट्या कादंबऱ्या. घाटाखालचं एक काल्पनिक गाव, तिथला एसटी स्टँड, शाळा, सरकारी दवाखाना, नदीवरचा पूल. प्रत्येक पुस्तकात त्याच गावातलं वेगळं जोडपं. एकदा बदली होऊन आलेला तलाठी आणि शाळेतल्या बाई, एकदा कंपाउंडर आणि माहेरी परतलेली मुलगी. त्यांचं जमणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असे. कसं जमणार, एवढंच वाचायचं उरे. मी कॉलेजात नव्यानं साहित्य शिकत होतो आणि नव्यानं शिकणाऱ्याचा सगळा ताठा माझ्यात होता. ज्या गोष्टीचा शेवट आधीच माहीत आहे ती माणसं वाचतात तरी कशाला, असं मी आईला एकदा जेवताना विचारलं होतं. ती म्हणाली, "तू रोज वरणभात खातोस, त्याचा शेवट तुला माहीत नसतो का?" वडील हसले होते. मला ते हसणं बरेच दिवस पुरलं.

आता मागे वळून पाहताना वाटतं, की आई त्या जोडप्यांसाठी वाचत नव्हतीच. ती जुन्या जोडप्यांसाठी वाचत होती. आधीच्या पुस्तकात ज्यांचं लग्न झालं ती माणसं पुढच्या पुस्तकात कुठेतरी कडेला दिसत. तलाठी बाजारात वांगी घेताना दिसे, शाळेतल्या बाईंना आता दिवस गेलेले असत. आई तेवढ्या दोन ओळींवर थांबायची. "आता बाईंना पाचवा लागला असेल," असं ती शेजारच्या काकूंना सांगायची, आणि काकूही गंभीरपणे महिने मोजायच्या. आमच्या वसाहतीत कुणी कोकणातून आलेलं, कुणी खानदेशातून, कुणी गिरगावातली खोली विकून. इथे आल्यावर मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं ते पत्रातून जेवढं कळेल तेवढंच. त्या गावात मात्र कुणी हरवत नसे. मला तेव्हा हे दिसलं नाही. मला दिसलं ते फक्त मुखपृष्ठ, आणि ते मी वाचनालयातून आणताना वर्तमानपत्रात गुंडाळून आणत असे.

शेजारच्या काकू आईपेक्षा लहान, आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या. पुस्तक आमच्याकडे आलं की आईचं झाल्यावर त्यांच्याकडे जाई. आईचे डोळे बांधलेले असल्यामुळे या वेळी वेगळी सोय ठरली. दुपारी मी एक प्रकरण वाचून दाखवायचं, मग पुस्तक काकूंकडे, आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी ते परत आणून द्यायचं. काकू येताना जिन्यापासूनच बोलत येत. "वहिनी, झोपलात का? झोपला असाल तर उठा, मी आलेय!" चहा घेतल्याशिवाय त्या कधी गेल्या नाहीत, आणि जाताना "येते हं वहिनी" हे दारात एकदा आणि पॅसेजमध्ये एकदा म्हणायच्या.

आईला प्रेमाची गोष्ट वाचून दाखवणं हा प्रकार किती अवघड आहे, याची मला कल्पना नव्हती. पूल ओलांडताना नायक नायिकेचा हात धरतो, इथपर्यंत मी आलो आणि थांबलो.

"मग?" आई म्हणाली.

"मग ते बोलले."

"काय बोलले?"

"बरंच."

"दोन पानं उलटल्याचा आवाज आला मला. एवढं बोलणं झालं आणि तू एका शब्दात संपवलंस?"

"आई, तुला हसायचंही नाहीये. डॉक्टरांनी सांगितलंय."

"हसायचं नाही असं नाही सांगितलेलं. तू वाच, मी कान बंद करते."

असं तीनचार दिवस चाललं, आणि मी हळूहळू सरावलो. या मालिकेत एक अक्का होत्या. स्टँडसमोर त्यांची खाणावळ. वय झालेलं, तोंड फटकळ, प्रत्येक पुस्तकात त्यांचा एखादा प्रसंग असायचाच. कुणाचं अडलेलं लग्न असो, अक्का एकदा ताट वाढताना काहीतरी बोलल्या की पुढचं मार्गी लागे. आईला अक्का कुणासारख्या वाटतात, हे तिनं कधी सांगितलं नाही. पण अक्कांचं पान आलं की ती मला "सावकाश" म्हणायची.

एके दिवशी सकाळी आई झोपलेली असताना मी पुढचं प्रकरण चाळून ठेवायला घेतलं. दुपारी कुठे अडखळायला होईल ते आधी बघून ठेवावं, एवढाच हेतू होता. तीन प्रकरणं पुढे गेलो आणि थांबलो. अक्का गेल्या होत्या.

मी ते पान दोनदा वाचलं. मला राग आला. ज्या मालिकेची मी टिंगल करत होतो तिनं असा करार मोडावा याचा राग. या पुस्तकांमध्ये कुणी मरत नाही, हे तर त्यांचं वैगुण्य म्हणून मी मित्रांना सांगत असे. आणि आता, नेमकं याच वेळी? समोर आई उताणी झोपली होती, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि मला डॉक्टरांचं 'तुमची' ऐकू येत होतं.

मी ठरवलं, अक्कांना मरू द्यायचं नाही.

काकूंना मी पॅसेजमध्ये गाठलं. पुस्तक त्यांच्या हातात देताना म्हणालो, "काकू, पुढे एक गोष्ट आहे. आईला यातलं काही बोलायचं नाही. काहीच नाही. मी तिला वेगळं वाचून दाखवणार आहे."

"का रे? काय होतं पुढे?"

"अक्का जातात."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "मेल्या, सांगितलंस कशाला! मी अजून पूल ओलांडला नाहीये!" मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी आवाज उतरवला. "नाही बोलणार. शपथ. अगदी एक शब्द नाही."

त्यांनी तो शब्द पाळला. पुढे जे झालं ते त्यांनी तो पाळल्यामुळेच झालं.

पुढचे दिवस मी छापलेलं वाचत होतो आणि अक्का आल्या की पुस्तकावरून नजर काढून बोलत होतो. अक्कांच्या आजारपणाला मी बगल दिली. त्यांचा खोकला काढून टाकला. त्यांना माडीवर चढवलं, बाजारात पाठवलं, एका दुपारी कैरीचं लोणचं घालायला बसवलं. त्या लोणच्यावर मी बराच वेळ घालवला. मोहरी कशी फेसायची हे स्वयंपाकघरात बघितलेलं होतं, ते सगळं अक्कांच्या तोंडी घातलं, वर दोन-तीन सुविचारही घातले. हे मी आईच्या डोळ्यासाठी केलं, असं म्हणणं सोयीचं आहे, आणि सुरुवात तशीच झाली होती. पण लोणच्याच्या दुपारी मला मजा येत होती, हेही खरं आहे. एक माणूस डोळे बांधून माझ्यासमोर पडला होता आणि मी सांगेन ते गाव त्याला दिसत होतं. मला स्वतःच्या आवाजाची गोडी लागली होती. आई शांतपणे ऐकत होती. एकदाच म्हणाली, "अक्का आज फार बोलतायत."

दुसऱ्या दिवशी दुपारचं वाचन मी लवकर आटोपलं, कारण काकू पुस्तक मागायला दोनदा डोकावून गेल्या होत्या. ते घेऊन त्या घरी गेल्या. संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, मी स्वयंपाकघरात कुकर लावत असताना त्या परत आल्या. जिन्यावरून हाक नाही, पॅसेजमध्ये बोलणं नाही. दार उघडंच होतं. त्या आत आल्या आणि आईच्या पायाशी बसल्या.

"कोण?" आईनं विचारलं.

"मी."

"मी म्हटलं, एवढ्या मुकाट्यानं कोण आलं. बैस. अरे, काकूंना चहा टाक."

"नको, चहा नको," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज घोगरा झाला होता. त्यांनी आईच्या पायावरून हात फिरवला, एक सुस्कारा सोडला आणि गप्प बसून राहिल्या. मी दारात आलो तर त्यांचे डोळे लाल. त्यांनी पुस्तक तिथेच स्टुलावर ठेवलं, मला हातानं खुणावलं की मी काही बोललेली नाही, पदर तोंडाला लावला आणि उठून गेल्या. 'येते' न म्हणता.

त्यांच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. कुकरची शिट्टी झाली. मी गॅस बारीक केला आणि बाहेर आलो तर आईनं दोन्ही हातांनी चादर गच्च धरली होती.

"तार कधी आली?" ती म्हणाली.

"कसली तार?"

"ताई गेली ना?"

आपल्याकडे सुतकाच्या घरी माणूस भेटायला येतो तेव्हा चहा घेत नाही, निघताना 'येते' म्हणत नाही. तशा घरी पुन्हा येणं व्हावं असं कुणी बोलून दाखवत नाही. काकू पुस्तकातल्या अक्कांसाठी रडून आल्या होत्या, आणि न ठरवता, नुसत्या सवयीनं, दुखवट्याला यावं तशा येऊन गेल्या होत्या. आईला दिसत नव्हतं. तिला फक्त न घेतलेला चहा आणि न म्हटलेलं 'येते' ऐकू आलं होतं. आणि वडिलांनी तिच्या देखत सांगून ठेवलेलं होतं की वाईट बातमी तिला कळू द्यायची नाही.

"आई, मावशी बरी आहे. कसलीही तार आलेली नाही."

"मग ती अशी का गेली?"

तिचा श्वास वाढला होता. खांदे उचलून ती उठू बघत होती. मी तिचे खांदे धरले. "उठू नको. आई, उठू नको ना. सांगतो. अक्का गेल्या. पुस्तकातल्या. काकूंनी आज ते प्रकरण वाचलं, म्हणून त्या..."

"काल तर अक्का लोणचं घालत होत्या."

"ते लोणचं पुस्तकात नव्हतं."

"नव्हतं म्हणजे?"

"मी मनानं सांगितलं. त्या आधीच गेल्या होत्या. तू रडशील म्हणून मी..."

ती थांबली. पट्टीखालचा चेहरा मला वाचता येत नव्हता. "म्हणजे काल तू खोटं सांगितलंस," ती हळू म्हणाली, "आणि आज खरं सांगतोयस."

"हो."

"आणि हे मी कशावरून मानू?"

तिच्या प्रश्नात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी धावत जाऊन काकूंना घेऊन आलो. त्या आल्या आणि सगळं एका दमात बोलल्या, "अहो वहिनी, शपथेवर सांगते, तुमच्या ताईंचं मला काही ठाऊक नाही, मला नुसतं त्या पुस्तकातल्या अक्कांचं..." आणि पुन्हा रडू लागल्या. आई म्हणाली, "यानं तुला पढवलंय. तुझी चूक नाही गं. तू कशी रडतेयस ते ऐकतेय ना मी. पुस्तकासाठी कुणी असं रडतं का?"

काकू माझ्याकडे बघू लागल्या. त्या पुस्तकासाठी असंच रडत होत्या, पण ते पटवून कसं द्यायचं?

मी मनात एकेक वाट तपासली. मावशीच्या गावात फोन एकच, पोस्टात, आणि पोस्ट बंद झालेलं. वडील यायला अजून बराच वेळ. आणि ते येऊन तरी काय सांगणार? तेच सांगणार जे मी सांगत होतो, आणि लपवायचं हा बेत तर त्यांचाच होता. आईचा हनुवटीखालचा भाग थरथरायला लागला होता. आदल्या वर्षी तो असाच थरथरला होता, मी तेव्हाही याच दारात उभा होतो.

"वाच," आई म्हणाली.

"काय?"

"पुस्तक इथेच ठेवून गेलीये ना ती? अक्का गेल्या म्हणतोस. ते पान वाच."

"आई, ते ऐकून तू रडशील."

"आता काय हसतेय मी? वाच."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी स्टुलावरचं पुस्तक उचलून माझ्या हातात दिलं. ते प्रकरण वाचून दाखवायचं नाही म्हणून मी इतके दिवस धडपडलो होतो, आणि आता तेवढा एकच उपाय माझ्या हाताशी राहिला होता. वाचलं तर डोळा जाईल. नाही वाचलं तर बहिणीसाठी रडून जाईल. मी पलंगाच्या कडेला बसलो. आईनं हात पुढे केला, तो मी धरला, आणि दुसऱ्या हातानं पुस्तक उघडं ठेवून वाचू लागलो.

लेखिकेनं तो मृत्यू दाखवलेलाच नव्हता. सकाळची पहिली एसटी स्टँडवर येते. ड्रायव्हर रोजच्यासारखा हॉर्न वाजवतो, म्हणजे अक्कांनी चहाचा पेला घेऊन यावं. कुणी येत नाही. तो पुन्हा हॉर्न वाजवतो. कंडक्टर खाली उतरतो, खाणावळीच्या दारापर्यंत जातो, आत बघतो आणि टोपी काढतो. मग माणसं जमतात. कुणी रडल्याचं एक वाक्य त्यात नव्हतं. तलाठी येतो. शाळेतल्या बाई येतात, कडेवर मूल. इतक्यात दुसऱ्या गाडीची वेळ होते, गाडीतून उतरलेली माणसं काही माहीत नसल्यामुळे बाकांवर येऊन बसतात, आणि बाई मूल नवऱ्याकडे देऊन शेजारच्या घरात जातात आणि तिथल्या चुलीवर भात ठेवतात. उतारूंना जेवायला उशीर झालेला अक्कांना चालला नसता.

"थांब," आई म्हणाली. "ते भाताचं परत वाच."

मी परत वाचलं. आईचा हात हळूहळू सैल होत गेला. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, तोंडात पदर.

"हे तू नाही सांगितलेलं," आई शेवटी म्हणाली.

"नाही."

"कळलं. तुला एवढं थोडक्यात येत नाही. तुझी अक्का चार दिवस नुसती बोलत होती. मला वाटलं लेखिका आजारीबिजारी आहे की काय."

तिनं उशीवर डोकं नीट टेकवलं, मी सरकलेली वाळूची पिशवी परत कानाशी लावली. ती रडली का, ते मला सांगता येणार नाही. पट्टीवर ओल दिसली नाही, पण पट्टी जाड होती. रडल्या त्या काकू, आणि त्यांना आवरलं आईनं. "पुरे गं. खाणावळ चालू राहिली ना? बाई आहेत ना तिथे? आणि आता गुपचूप चहा घे. चहा न घेता गेलीस तर याद राख."

काकूंनी चहा घेतला, दोनदा घेतला. निघताना त्या दारात "येते हं वहिनी" म्हणाल्या, पॅसेजमध्ये म्हणाल्या, आणि स्वतःच्या घरात शिरल्यावर आतूनही एकदा ओरडून म्हणाल्या. आई म्हणाली, "ये बाई, ये."

वडील आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते मोजे हातात घेऊन खुर्चीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कामावर जाण्याआधी मावशीला उत्तरासाठी कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड टाकलं आणि ते टाकल्याचं आईला सांगितलं. मावशीचं उत्तर आलं ते त्याच परक्या हस्ताक्षरात. दमा आहे तसाच आहे, आणि डोळ्याला जप, असं त्यात होतं. ते मी आईला वाचून दाखवलं. दोनदा, कारण पहिल्यांदा वाचल्यावर तिनं विचारलं, "यात तुझं किती?"

पट्टी सुटायच्या दिवशी दवाखान्यात आम्ही तिघे होतो. डॉक्टरांनी कापूस काढला, खोलीतला दिवा मंद केला आणि बोटं समोर धरली. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. मला ते पाहता आलं नसतं. वाचलं ते बरोबर की चूक, हा हिशेब आता माझ्या हातात राहिला नव्हता.

"दोन," आई म्हणाली. आणि मग, "तुमच्या खिशाला शाई लागलीये, डॉक्टर."

त्या एका डोळ्यानं, जाड भिंगाच्या चष्म्यातून, ती पुढे अनेक वर्षं वाचत राहिली. पहिलं पुस्तक तिनं तेच मागवलं, आणि मी अक्कांना जिथे जिथे चालवलं होतं ती प्रकरणं पुन्हा वाचली. वाचता वाचता मधूनच मान वर करून माझ्याकडे बघायची. मोहरीबद्दल काही बोलली नाही. मालिकेतल्या पुढच्या पुस्तकांत खाणावळ शाळेतल्या बाईंची नणंद चालवू लागली. मी ती पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं सोडून दिलं; एवढा बदल मात्र माझ्यात झाला.

नव्वदच्या दशकात आम्ही डोंबिवलीला मानपाडा रोडच्या बाजूला घर घेतलं. वडील निवृत्त झाले होते, मला नोकरी लागली होती, घरात फोन आला होता. एका रविवारी सकाळी आई गॅलरीत पुस्तक घेऊन बसली होती आणि फोन वाजला. मावसभावाचा होता. मी रिसीव्हर खाली ठेवला. समोर आई, पानावर बोट ठेवून, चष्म्यातून माझ्याकडे बघत होती. माझ्या जिभेवर बरंच काही आलं. आधी बसायला सांगावं, पाणी द्यावं, तब्येत बरी नाही म्हणून सुरुवात करावी.

"आई, पहाटे मावशी गेली," मी म्हणालो.

तिनं पुस्तक मिटलं, पान न दुमडता. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "घरातल्यांच्या जेवणाचं कुणी बघतंय का तिकडे?" मावसभावानं तेही सांगितलं होतं. शेजारणीनं त्यांच्या घरी भात टाकला होता. मी तिला तेवढंच सांगितलं. आपल्याकडचं काही घातलं नाही.

मग ती रडली. डोळ्याला काही होणार नव्हतं.